काडतुसावरचा आकडा



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांची इतिहास शिकविण्याची रीत आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. सनावळी फळ्यावर लिहून ते कधी थांबले नाहीत. एखादे जुने नाणे, गंजलेले कुलूप, फाटकी सनद असे काही ते वर्गात घेऊन येत. ही वस्तू कोणी केली आणि कोणासाठी केली, असे दोन प्रश्न ते आधी विचारीत. ती कोणाच्या हाती पडू नये अशी करणाऱ्याची इच्छा होती, हा प्रश्न ते शेवटी विचारीत. आजच्या विषयाला मी त्यांचा हा तिसरा प्रश्न लावणार आहे. विषय आहे मोठ्या व्यासाच्या शिकारी रायफलींची काडतुसे. शाळेच्या व्यासपीठावर हा विषय काहींना विचित्र वाटेल. परंतु आपल्या देशाच्या गेल्या पावणेदोनशे वर्षांच्या इतिहासात काडतूस अनेकदा आडवे आले आहे, आणि त्याच्या बुडावर कोरलेला आकडा नुसत्या कारागिराने ठरविलेला नाही.

‘काडतूस’ हा शब्द मूळचा आपला नाही. पोर्तुगीजांच्या ‘कार्तुशो’वरून तो आपल्याकडे आला आणि इतका रुळला की आता परका वाटत नाही. ‘बोअर’ हा शब्द मात्र अनेकांना चकवितो. जुन्या बंदुकांत एक पौंड शिशातून जितक्या गोल गोळ्या पडत, तितक्या बोअरची ती बंदूक. म्हणजे बारा बोअरपेक्षा चार बोअरची नळी मोठी. पुढे रायफलींसाठी नळीचा व्यास इंचाच्या हजाराव्या भागात सांगण्याची पद्धत पडली. ४५० म्हणजे सुमारे ०.४५० इंच, साडेअकरा मिलिमीटरच्या आसपास. हा ४५० चा आकडा लक्षात ठेवावा; आपली कथा त्याच्याभोवतीच फिरते.

आरंभ अर्थातच १८५७ पासून करावा लागतो. कंपनी सरकारने आणलेली १८५३ च्या नमुन्याची एनफिल्ड रायफल ५७७ व्यासाची होती. तिचे काडतूस कागदाचे. दाताने फाडून दारू नळीत ओतायची आणि मग गोळी ठासायची. त्या कागदाच्या वंगणात गाई-डुकरांची चरबी आहे, या संशयाने काय घडले ते आपण जाणतो. त्याच वर्षी वरसईचे विष्णुभट गोडसे दक्षिणेच्या आशेने ग्वाल्हेरकडे निघाले होते आणि वाटेत त्यांच्या कानी काडतुसांचीच हकीकत पडली. दारूने भरलेली एक कागदी पुडी भिक्षुकाच्या प्रवासवर्णनातही शिरावी, यावरून तिचा धाक किती दूर पोहोचला होता ते दिसते.

१८५७ ने राज्यकर्त्यांना एक धडा दिला आणि तो ते विसरले नाहीत: चांगले हत्यार आधी गोऱ्या सैनिकाला, नंतर हिंदी शिपायाला. १८६६ मध्ये एनफिल्डच्या नळीला मागून काडतूस भरण्याची स्नायडर योजना जोडली गेली आणि कर्नल बॉक्सर यांचे धातूचे काडतूस आले. १८७१ मध्ये मार्टिनी-हेन्री रायफल मान्य झाली. तिच्या काडतुसाचे नाव ५७७/४५०. म्हणजे ५७७ चे पुंगळे तोंडाशी आवळून ४५० च्या गोळीला बसते केलेले. गोळी ४८० ग्रेन म्हणजे ३१ ग्रॅम शिशाची, तिच्यामागे ८५ ग्रेन काळी दारू. गोऱ्या पलटणींच्या हाती मार्टिनी असताना हिंदी पलटणी दीर्घकाळ स्नायडर वागवीत होत्या. सैन्याबाहेरच्या प्रजेसाठी लॉर्ड लिटनच्या काळात १८७८ चा शस्त्र कायदा झाला. परवान्यावाचून हत्यार बाळगणे गुन्हा ठरले. युरोपियनांना मात्र त्यातून सूट होती. काँग्रेसच्या अगदी आरंभीच्या अधिवेशनांतून या कायद्याविरुद्ध ठराव झाले. रानडुकरांपासून पीक राखू पाहणाऱ्या शेतकऱ्याला ठासणीच्या बंदुकीसाठी कचेरीचे उंबरे झिजवावे लागत.

याच काळात शिकारी हत्यारांचे जग वेगळ्या दिशेने वाढत होते. काळ्या दारूची मर्यादा अशी की ती गोळीला फार वेग देऊ शकत नाही. म्हणून हत्ती-गवा मारायचा तर गोळीचे वजन वाढविणे एवढाच उपाय. सिलोनमध्ये शिकार करणाऱ्या सॅम्युअल बेकर यांनी २१ पौंड वजनाची रायफल बनवून घेतली होती. चार बोअरची गोळी पाव पौंड भरे. अशी बंदूक खांद्यावरून झाडणे हीच एक शिक्षा होती, आणि धूर इतका की गोळी लागली की नाही हे कळायलाही वेळ लागे.

हे चित्र पालटले ते धूर न करणाऱ्या दारूने. १८८४ मध्ये फ्रान्सच्या पॉल व्हिएल यांनी तशी दारू सिद्ध केली, आणि १८८९ मध्ये एबेल व ड्यूअर यांनी इंग्लंडात कॉर्डाइट बनविले. नायट्रोग्लिसरीन, गनकॉटन आणि थोडे व्हॅसलिन यांचा तो लगदा दोऱ्यासारखा ओढला जाई, म्हणून ते नाव. नीलगिरीतील अरवंकाडूचा कॉर्डाइट कारखाना विसाव्या शतकाच्या आरंभी त्यासाठीच उभा राहिला. १८९८ मध्ये लंडनच्या जॉन रिग्बी यांनी ४५० च्या लांब शिकारी पुंगळ्यात ७० ग्रेन कॉर्डाइट भरले आणि ‘४५० नायट्रो एक्सप्रेस’ जन्माला आले. गोळी तीच ४८० ग्रेनची. मार्टिनीची गोळी सेकंदाला सुमारे ४१० मीटर जाई, ही ६५५ मीटर. आघात वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो हे विज्ञानाच्या तासाला आपण शिकलो आहोत. तो हिशेब केला तर वजन तेच असूनही तडाखा अडीच पट होतो. चार-पाच किलोंची दुनळी रायफल आता जुन्या अवजड तोफेचे काम करू लागली. गोरे अंमलदार, चहामळेवाले आणि संस्थानिक यांच्या शस्त्रागारांत ४५० ने मानाची जागा पटकावली.

येथे गुरुजींचा तिसरा प्रश्न उभा राहतो. १९०७ च्या सुमारास ब्रिटिश सरकारने ४५० व्यासाची रायफल व काडतुसे हिंदुस्थानात आणि सुदानात नेण्यास बंदी केली. कारण शिकारीचे नव्हते, भीतीचे होते. या दोन्ही प्रदेशांत जुन्या मार्टिनी-हेन्री रायफली सरकारला नको असलेल्या हातांत मोठ्या संख्येने पोहोचल्या होत्या. वायव्य सरहद्दीवरचे कारागीर तर त्यांच्या हुबेहूब प्रती घडवीत. नायट्रो एक्सप्रेसचे लांब पुंगळे मार्टिनीत जसेच्या तसे बसत नव्हते. पण त्याची गोळी उपसून काढावी आणि मार्टिनीच्या जुन्या पुंगळ्यात नव्याने भरावी, ही शक्यता सरकारला पुरेशी होती. शिकाऱ्याच्या पेटीतले काडतूस उद्या बंडखोराच्या नळीतून आपल्यावर सुटेल, या धास्तीने लंडनच्या श्रीमंत गिऱ्हाइकांच्या आवडत्या मालावर गदा आली.

आता बंदूक कारखानदारांनी काय करावे? त्यांचा मोठा बाजार हिंदुस्थान. त्यांनी नळीचा व्यास किंचित वाढविला. हॉलंड अँड हॉलंडने १९०७ मध्ये ५०० चे पुंगळे आवळून ४६५ ची गोळी बसविली. वजन पुन्हा ४८० ग्रेन, वेग पुन्हा तोच. जोसेफ लँग यांचे ४७०, वेस्टली रिचर्ड्सचे ४७६, शिवाय ४७५ च्या निरनिराळ्या आवृत्त्या, अशी रांगच लागली. हत्तीच्या दृष्टीने या साऱ्यांत काही अंतर नव्हते. अंतर होते ते एवढेच, की या गोळ्या मार्टिनीच्या नळीत शिरत नव्हत्या. शिकारीच्या पुस्तकांत या काडतुसांची तुलना मोठ्या रसाने केलेली आढळते. ४७० श्रेष्ठ की ४६५, यावर पिढ्यान्‌पिढ्या वाद झाले. त्या आकड्यांच्या मुळाशी जंगलाचा अनुभव कमी आणि सरहद्दीची धास्ती अधिक आहे, ही गोष्ट मात्र वादाच्या भरात मागे पडली.

या बंदीने सरहद्द शांत झाली का? हत्यारांचा मोठा ओघ मस्कतच्या व्यापारातून इराणी आखाताच्या मार्गाने येत होता आणि तो अडविण्यासाठी पुढे आरमाराला पहारे ठेवावे लागले. शिकाऱ्यांच्या काडतुसांवर घातलेली बंदी म्हणजे महाद्वार उघडे असताना खिडकीला लावलेली कडी होती. परंतु भ्यालेले राज्य खिडक्याही मोजत बसते.

त्याच १९०७ साली कुमाऊँत जिम कॉर्बेट यांनी चंपावतची नरभक्षक वाघीण मारली. तिच्या नावावर ४३६ बळी सांगितले जातात. कॉर्बेट यांच्याजवळ ५०० ची रायफल होती आणि काडतुसे होती अवघी तीन. ती संपल्यावर अखेरची गोळी तहसीलदाराची साधी बंदूक मागून घेऊन झाडावी लागली. या प्रसंगाकडे आपण शौर्यकथा म्हणून पाहतो, आणि ते योग्यच आहे. पण बळी गेलेल्या शेकडो डोंगरी माणसांचाही विचार करावा. वाघ दारात असताना त्यांच्यातील बहुतेकांच्या हाती कोयता आणि ढोल याहून अधिक काही नव्हते. शंभर-दीडशे मैलांवर एखाद्या शिकारखान्यात दुनळ्या तेलपाणी करून टांगलेल्या असत.

शिकारीचे काडतूस आणि युद्धाचे काडतूस यांतील रेषा निसर्गाने आखलेली नाही, हेही येथे सांगितले पाहिजे. कलकत्त्याजवळच्या डमडम कारखान्यात १८९६-९७ च्या सुमारास सरहद्दीच्या लढायांसाठी ३०३ ची मऊ टोकाची गोळी बनली. अंगात शिरल्यावर ती पसरे आणि भीषण जखम करी. १८९९ च्या हेग परिषदेत अशा गोळ्या युद्धात वापरू नयेत असे जाहीरनाम्याने ठरले. शिकारीत मात्र तीच गोळी इष्ट मानली जाते, कारण तिने जनावर जखमी होऊन पळत नाही, लवकर मरते. याच्या उलटही घडले. १९१५ मध्ये फ्रान्सच्या खंदकांत जर्मन नेमबाज पोलादी ढालींआड बसत, तेव्हा त्या ढाली फोडण्यासाठी इंग्रजांनी हत्तीच्या शिकारीच्या रायफली आघाडीवर नेल्या. रिग्बी यांनी १९११ मध्ये गवा-हत्तीसाठी आणलेल्या ४१६ च्या काडतुसाची कथा तर आजपर्यंत पोहोचते. १९८० च्या दशकात त्याचेच पुंगळे आवळून ३३८ ची लांब पल्ल्याची गोळी बसविण्याचे प्रयोग अमेरिकेत सुरू झाले. फिनलंडच्या लापुआ कंपनीने पुंगळ्याची भिंत बळकट करून ते पूर्णत्वास नेले. आज अनेक देशांचे नेमबाज सैनिक जे ‘३३८ लापुआ मॅग्नम’ वापरतात, त्याचा आजा असा शिकारखान्यातला आहे.

स्वातंत्र्यानंतर आपण १९५९ चा नवा शस्त्र कायदा केला. पण १९६२ चे शस्त्र नियम काढून पाहावेत. सैन्याची ३०३ किंवा ७.६२ ची काडतुसे ज्या रायफलीत बसतील व उडतील, ती सामान्य नागरिकाला निषिद्ध. म्हणूनच नागरिकासाठी ३१५ ची रायफल आली. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात इंग्रजांनी पोलीस-पहारेकऱ्यांसाठी ३०३ च्या रायफली ४१० च्या गुळगुळीत नळीच्या करून ठेवल्या होत्या, तेव्हाही हेतू हाच. सत्ताधीश बदलले, झेंडा बदलला. काडतूस कोणत्या नळीत शिरेल हे मोजण्याची पट्टी तीच राहिली. याला सर्वस्वी दोष द्यावा असे माझे म्हणणे नाही. शस्त्रांवर निर्बंध नसलेल्या समाजात काय होते ते आपण वर्तमानपत्रांत वाचतोच. परंतु परक्या राज्याची पट्टी उचलताना ती कोणत्या भीतीतून जन्मली, हे ठाऊक असावे.

या सर्व हिशेबात एका पक्षाला कोणीच विचारले नाही. १९०७ च्या बंदीत माणसांचे संरक्षण होते, राज्याचे होते, वाघाचे नव्हते. ४५० गेले, ४६५ आले आणि शिकार चालूच राहिली. १९७० मध्ये वाघाच्या शिकारीवर देशभर बंदी आली. १९७२ च्या गणनेत सारे मिळून १,८२७ वाघ भरले, आणि त्याच वर्षी वन्यजीव संरक्षण कायदा झाला. काडतुसाचा व्यास न मोजता जनावराचा जीव मोजणारा नियम यायला इतका काळ लागला.

आपल्या ग्वाल्हेरच्या माणसांना शिवपुरीचे रान परके नाही. शिंदे सरकारांच्या शिकारीचे ते राखीव जंगल; बड्या पाहुण्यांच्या दुनळ्या तेथे गाजल्या. पुढे त्या रानातून वाघ नाहीसा झाला. मार्च २०२३ मध्ये तेथे पुन्हा वाघ सोडण्यात आले आणि मार्च २०२५ मध्ये माधव राष्ट्रीय उद्यान व्याघ्र प्रकल्प म्हणून घोषित झाले. माजी विद्यार्थ्यांपैकी कोणाच्या घरी आजोबांच्या पेटीत पितळेचे एखादे रिकामे पुंगळे असेल, तर ते मोडीत घालू नये. त्याच्या बुडावरचा आकडा मुलांना वाचून दाखवावा, आणि गुरुजींचे तिन्ही प्रश्न त्यांना विचारावेत. गुरुजींना ही श्रद्धांजली मान्य झाली असती असे मला वाटते.