श्रवण परीक्षा आणि प्रशासनाची रेषा

चंदीगडच्या सेक्टर १७ आणि सेक्टर ३४ मध्ये परदेशी शिक्षणाच्या सल्लागारांच्या व ‘आयेल्ट्स’ शिकवणीच्या पाट्यांची दाटी आहे. पंजाब-हरियाणातील हजारो तरुणांचे भवितव्य या इंग्रजीच्या परीक्षेशी बांधले गेले. तिच्या श्रवण विभागाचा इतिहास प्रशासकांनी अभ्यासण्याजोगा आहे.

केंब्रिजने १९१३ साली परभाषिकांसाठी इंग्रजीची परीक्षा सुरू केली, तेव्हा ऐकण्याची कसोटी मुख्यतः श्रुतलेखनाने होई. परीक्षार्थी अवघे तीन होते आणि तिघेही अनुत्तीर्ण झाले. पुढे ध्वनिमुद्रणामुळे सर्वांना एकच आवाज ऐकवणे शक्य झाले. १९८९ मध्ये ‘आयेल्ट्स’ सुरू झाली. तिच्या श्रवण विभागात चाळीस प्रश्न असतात आणि ध्वनिमुद्रण एकदाच ऐकवले जाते.

सर्वांना समान प्रश्न म्हणजे समान न्याय, असे आपण सहज मानतो. वस्तुतः तसे नाही. मँटेल आणि हेन्झेल यांनी १९५९ मध्ये रोगांच्या अभ्यासासाठी मांडलेली संख्याशास्त्रीय रीत हॉलंड व थेअर यांनी १९८८ मध्ये परीक्षांना लावली. तिचे तत्त्व सोपे आहे. एकूण क्षमता सारखी असलेल्या दोन गटांची तुलना करावी; एखाद्या प्रश्नात एकच गट सातत्याने मागे पडत असेल, तर तो प्रश्न तपासावा. दोष कानांचा नसून अपरिचित उच्चारांचा वा परक्या प्रसंगाचा असू शकतो. श्रवणाच्या उत्तरात स्पेलिंग चुकल्यास ‘आयेल्ट्स’मध्ये गुण जातो, मग आपण मोजले काय, ऐकणे की लिहिणे?

याहून मूलगामी विचार सॅम्युअल मेसिक यांनी १९८९ मध्येच मांडला. त्यांच्या मते सप्रमाणता हा प्रश्नपत्रिकेचा अंगभूत गुण नव्हे. गुणांचा जो अर्थ लावला जातो आणि जो उपयोग केला जातो, त्याची ती कसोटी आहे. गुणांवरून निर्णय करणाऱ्यावरही जबाबदारी येते ती येथेच.

कॅनडाचे उदाहरण पाहावे. विद्यार्थी परवान्यासाठी २०१८ मध्ये तेथे जलद मार्ग सुरू झाला. भारतीय अर्जदाराने ‘आयेल्ट्स’ दिली असल्यास चारही विभागांत प्रत्येकी किमान ६ बँड अनिवार्य होते. श्रवणात ६ बँडसाठी चाळीसपैकी सरासरी २३ उत्तरे बरोबर लागतात. म्हणजे बावीस आणि तेवीस यांमधील एका शब्दाने हा मार्ग बंद होऊ शकत होता. १० ऑगस्ट २०२३ पासून एकत्रित ६ बँड पुरेसे ठरले. प्रश्न तेच होते, विद्यार्थ्यांचे कानही तेच. बदलली ती केवळ नियमातील एक ओळ. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी तो मार्गच बंद झाला.

आपणही भरतीसाठी, बढतीसाठी, भाषा परीक्षांसाठी किमान गुणांच्या रेषा आखतो. प्रत्येक मोजमापात थोडी चूक असतेच. रेषेवर उभ्या असलेल्या उमेदवाराला ती सर्वाधिक महाग पडते. ही रेषा परीक्षा घेणारे नव्हे, तर आपण आखतो. ती येथेच का आखली, याचे कारण नस्तीवर नोंदवणे हे आपले किमान कर्तव्य होय.