नळीवाटे जाणारा घास : न जेवू शकणाऱ्या मुलाला जगवण्याचा इतिहास

१/१८
बुलढाणा जिल्ह्यातील सिंदखेडराजा हे जिजाऊंचे जन्मस्थान. दरवर्षी १२ जानेवारीला तिथे महाराष्ट्र लोटतो. याच जिजाऊंचे नाव २००५ साली राज्य शासनाने एका आगळ्या मोहिमेला दिले : कुपोषित बालकांचे वजन वाढवण्याच्या.
ज्या मुलाला भूकच लागत नाही, गिळता येत नाही किंवा खाल्लेले अंगी लागत नाही, त्याच्यापर्यंत अन्न पोहोचवायचे कसे? माणसाने या प्रश्नाशी चारशे वर्षे जी झुंज दिली, तिचा हा धागा.

२/१८
आरंभ वऱ्हाडातूनच करू. १८९६-९७ मध्ये दुष्काळ पडला. त्यातून गावे सावरतात न सावरतात तोच १८९९-१९०० चा दुष्काळ आला. विक्रम संवत १९५६ मध्ये आला म्हणून लोकांच्या तोंडी तो 'छप्पन्या'.
१९०१ च्या शिरगणतीत बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या ४,२३,६१६ भरली. दहा वर्षांपूर्वीच्या तुलनेत ती सुमारे १२ टक्क्यांनी घटली होती.

३/१८
सरकारी दुष्काळी कामांवर खडी फोडणाऱ्यांना मजुरी मिळे आणि त्यांच्या मुलाबाळांसाठी अन्नछत्रे चालत. तरीही माणसे मरत राहिली. त्या काळच्या दुष्काळांत बहुतेकांचा बळी प्रत्यक्ष उपासमारीपेक्षा पटकी, हगवण आणि हिवताप घेत असत.
भूक आणि आजार हातात हात घालून येतात, हे दुष्काळाने शिकवलेले पहिले सत्य. भुकेलेले शरीर आजाराला लवकर बळी पडते आणि आजारी शरीर समोरचे ताटही दूर लोटते.

४/१८
दुष्काळ नसलेल्या घरातही हेच घडू शकते. दीर्घ आजारी मुलाचे वजन न वाढण्याची कारणे ढोबळमानाने तीन.
एक, अन्न आत कमी जाते. मेंदूच्या पक्षाघाताने, म्हणजे सेरेब्रल पाल्सीने, गिळण्याचे स्नायू साथ देत नाहीत.
दोन, खर्च जास्त होतो. जन्मजात हृदयविकार असलेले बाळ दूध ओढतानाच दमून जाते.
तीन, आत गेलेले पचत वा शोषले जात नाही.
अशा घरातल्या आईला 'नीट भरवत नाहीस' असे म्हणणे हा अज्ञानातून होणारा अन्यायच होय.

५/१८
तोंडावाटे अन्न जात नसेल तर दुसरी वाट शोधावी, ही कल्पना जुनी आहे. प्राचीन इजिप्त व ग्रीसमध्ये वैद्य गुदमार्गाने पोषक द्रव देत. सोळाव्या-सतराव्या शतकांच्या सांध्यावर, म्हणजे जिजाऊंच्या बालपणाच्या आगेमागे, इटलीतील वैद्य पोकळ नळीने अन्ननलिकेत द्रव सोडू लागले होते. १६१७ च्या सुमारास पादुआच्या फाब्रिसियस याने धनुर्वातात दातखीळ बसलेल्या रुग्णांसाठी नाकातून घालायची चांदीची नळी वापरली.

६/१८
चांदी टणक. ती घशाला जखमा करी. मऊ नळीच्या शोधातली एक विलक्षण पायरी १७९० ची आहे. लंडनचा शल्यविशारद जॉन हंटर याच्याकडे घशाच्या पक्षाघाताचा एक रुग्ण आला. हंटरने देवमाशाच्या जबड्यातील लवचिक पट्टीवर ईल माशाची कातडी चढवली आणि तिच्यावाटे अंडी, दूध, साखर असे पातळ अन्न जठरात पोहोचवले. रुग्ण पुन्हा गिळू लागेपर्यंत नळीने त्याला तारले. नळी म्हणजे तात्पुरता पूल, हा विचार या प्रसंगात स्पष्ट दिसतो.

७/१८
मुलांच्या इतिहासात मोठे वळण आणले ते पॅरिसच्या एतियेन तार्निए याने. अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी उबपेटी रुजवणारा तो हाच प्रसूतितज्ज्ञ. ऊब मिळूनही ही बाळे दगावत, कारण त्यांच्या अंगी दूध ओढण्याचे बळ नसे. १८८० च्या दशकात त्याने मऊ रबरी नळीने त्यांच्या पोटात थोडे थोडे दूध सोडण्याची पद्धत सुरू केली. ऊब, स्वच्छता आणि नळीवाटे दूध हे तिन्ही आजही नवजात अतिदक्षता कक्षाचे पाये आहेत.

८/१८
आपल्याकडच्या कोणत्याही रुग्णालयात 'राइल्स ट्यूब' हा शब्द कानी पडतो. तो जॉन राइल या इंग्रज वैद्याच्या नावावरून आला. १९२० च्या दशकारंभी त्याने ही बारीक नळी बनवली ती जठरातील रस तपासणीसाठी बाहेर काढायला. पुढे तिच्याच वाटेने अन्न आत जाऊ लागले. त्याच सुमारास अमेरिकेत अब्राहम लेव्हिन यानेही अशीच नळी प्रचारात आणली.

९/१८
मग या नळीचे नाव काढताच आपल्या मनात भीती का दाटते? त्याचे एक उत्तर राजकीय इतिहासात आहे. १९०९ पासून ब्रिटनच्या तुरुंगांत मताधिकारासाठी उपोषण करणाऱ्या स्त्रियांना हातपाय धरून नळीने अन्न देण्यात आले. १९२९ मध्ये लाहोरच्या तुरुंगात राजकीय कैद्यांच्या हक्कांसाठी उपोषण करणाऱ्या जतींद्रनाथ दास यांच्यावरही तोच प्रयोग झाला. झटापटीत दूध फुप्फुसात उतरले. १३ सप्टेंबर १९२९ रोजी, उपोषणाच्या ६३ व्या दिवशी, त्यांचे प्राण गेले.

१०/१८
हा प्रसंग दोन धडे देतो. पहिला नीतीचा : सजाण माणसाने विचारपूर्वक नाकारलेले अन्न त्याच्या शरीरात बळाने ढकलणे हा अत्याचार आहे. जगायची धडपड करणाऱ्या बाळाला त्याच्या अशक्त घशाला वळसा घालून दूध देणे ही शुश्रूषा आहे. साधन एकच, हेतू निराळे.
दुसरा धडा तंत्राचा : नळी फुप्फुसात नसून जठरातच आहे, याची खात्री दर वेळी केलीच पाहिजे. म्हणून आज अन्न सोडण्यापूर्वी नळीवरची खूण पाहतात आणि रस ओढून त्याची आम्लता तपासतात.

११/१८
दरम्यान कुपोषणाचे स्वरूपही उलगडत होते. आफ्रिकेतील गोल्ड कोस्टमध्ये, म्हणजे आजच्या घानात, काम करणाऱ्या डॉ. सिसिली विल्यम्स यांनी १९३३ मध्ये अंगावर सूज येणाऱ्या बालकांच्या आजाराचे वर्णन केले. १९३५ मध्ये त्यांनी त्याचे स्थानिक गा भाषेतील नाव जगापुढे ठेवले : क्वाशिओर्कर. धाकटे भावंड आल्यावर अंगावरून सुटलेल्या मुलाला जडणारा आजार, असा त्याचा आशय.
सुजेमुळे असे मूल गुबगुबीत दिसू शकते. वजनकाटा एकटा फसवतो, हे यातून कळले.

१२/१८
त्याहून भयंकर धडा १९४५ चा. एप्रिलमध्ये ब्रिटिश फौजांनी बर्गन-बेल्सनची छळछावणी मुक्त केली. उपाशी कैद्यांना सैनिकांनी करुणेपोटी आपले जड अन्न दिले आणि ते पोटात गेल्यावर अनेक जण मेले. मग १९४३ च्या बंगाल दुष्काळाच्या अनुभवातून तयार झालेले 'बंगाल फॅमिन मिक्स्चर' तिथे नेण्यात आले. पूर्व युरोपातील त्या माणसांना ते इतके गोड लागले की अनेकांच्या घशाखाली उतरेना.
दीर्घ उपाशी शरीरात अन्न एकदम लोटले तर रक्तातील क्षारांचे संतुलन ढासळते आणि हृदय बंद पडू शकते. शिवाय अन्न खाणाऱ्याच्या जिभेला रुचावेही लागते.

१३/१८
या साऱ्या अनुभवाचे सार जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या मार्गदर्शिकेत उतरले. तीव्र कुपोषित बालकाला आधी एफ-७५ हे सौम्य दूध दिले जाते. त्याच्या १०० मिलिलिटरमध्ये ७५ कॅलरी असतात. दिवसरात्र मिळून ८ ते १२ वेळा, मोजून, थोडे थोडे.
प्रकृती स्थिरावली आणि भूक परतली की एफ-१०० : तेवढ्याच दुधात १०० कॅलरी आणि प्रथिने तिपटीहून अधिक. या टप्प्यावर दर किलो वजनामागे दिवसाला १० ग्रॅमहून अधिक वाढ उत्तम मानतात. सहा किलोच्या बाळासाठी हे रोजचे ६० ग्रॅम झाले.

१४/१८
नळीचा नियमही याच पद्धतीत आहे, आणि तो मुळातून समजून घेण्याजोगा आहे. मूल सलग दोन-तीन वेळा ठरलेल्या दुधाच्या ८० टक्क्यांपेक्षा कमी घेत असेल, तर नाकातून नळी घालावी. नळी असतानाही दर वेळी आधी तोंडाने द्यावे आणि उरलेले तेवढे नळीने. मूल पुरेसे पिऊ लागले की नळी काढावी.
म्हणजे नळी तोंडाची जागा घेत नाही, तोंडाची उणीव भरून काढते. २०११ मध्ये भारत सरकारने पोषण पुनर्वसन केंद्रांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांचा गाभाही हाच.

१५/१८
नळीइतकेच महत्त्व तिच्यातून जाणाऱ्या अन्नाला. २७ नोव्हेंबर १९८९ रोजी मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने आशियातील पहिली मातृदुग्धपेढी सुरू झाली. एका आईचे जादा दूध तपासून, निर्जंतुक करून दुसरीच्या अशक्त बाळाला. ज्या बाळाला ओढता येत नाही, त्याच्यापर्यंत ते नळीनेच पोहोचते. आपल्या ग्रामजीवनात परक्या बाळाला पाजणाऱ्या स्त्रिया होत्याच. त्या जुन्या मायेला इथे शास्त्राची शिस्त लाभली.

१६/१८
काही मुलांना नळी महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षे लागते. नाकातली नळी तेव्हा टोचते, निसटते, चेहऱ्यावर मिरवते. पोटावर छेद घेऊन थेट जठरात वाट करण्याची शस्त्रक्रिया एकोणिसाव्या शतकातच सुरू झाली होती, पण ती जिवावरची होती.
१२ जून १९७९ रोजी अमेरिकेतील क्लीव्हलँडच्या बालरुग्णालयात मायकेल गॉडरर आणि जेफ्री पॉन्स्की यांनी पोट न उघडता, दुर्बिणीच्या साहाय्याने ही नळी बसवली. तो पहिला रुग्ण साडेचार महिन्यांचे बाळ होते. आज 'पेग' या नावाने मोठ्यांनाही परिचित असलेली ही पद्धत मुळात एका न जेवणाऱ्या बाळासाठी जन्मली.

१७/१८
आता पुन्हा जिजाऊंच्या नावाकडे. औरंगाबादेतून व्ही. रमणी यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण अभियानाने आरोग्य खाते आणि अंगणवाड्या यांना एकाच कामाला जुंपले : प्रत्येक मूल मोजा, तीव्र कुपोषित मूल वेळीच हेरा, पहिल्या हजार दिवसांवर भर द्या. राज्यात दोन वर्षांखालील खुरटलेल्या मुलांचे प्रमाण २००५-०६ मध्ये ३९ टक्के होते. २०१२ च्या पाहणीत ते सुमारे २३ टक्क्यांवर आले.
अंगणवाडीतला काटा आणि दंड मोजायची पट्टी यांनी जी मुले वेळेवर हेरली, त्यांतल्या कित्येकांना नळीची गरजच पडली नसेल.

१८/१८
तरीही काही मुले उरतात. घरात ज्वारी आहे, तूरडाळ आहे, तूप-गूळ-शेंगदाणे आहेत, आई दोन दोन तास घास घेऊन बसते आणि काटा जागचा हलत नाही. बालरोगतज्ज्ञ 'नळीचा विचार करू' म्हणतात आणि घराला वाटते, आपण हरलो.
इतिहासाची साक्ष निराळी आहे. हंटरच्या रुग्णासाठी आणि तार्निएच्या बाळांसाठी नळी हा जगण्याचा पूल ठरला. ती घालावी का, कधी घालावी, कधी काढावी, हे डॉक्टरांना निःसंकोच विचारावे. जिभेला चव आणि पंगतीत जागा मात्र त्या मुलाला तेव्हाही द्यावी.
छप्पन्यात वऱ्हाडाच्या हाती यांतले काहीच नव्हते. आज ते आहे. नात्यागोत्यात, शेजारी असे मूल असेल तर हा धागा त्या घरापर्यंत अवश्य पोहोचवा.