कप्तान बॉयकॉटचे आडनाव

'बॉयकॉट' हे इंग्रजी क्रियापद मुळात एका माणसाचे आडनाव आहे. चार्ल्स कनिंगहॅम बॉयकॉट हा लष्कर सोडून आलेला इंग्रज. आयर्लंडच्या मेयो परगण्यात लॉर्ड अर्न या जमीनदाराचा तो कारभारी होता. १८७९ साली पिके बुडाली. पुढच्या वर्षी कुळांनी खंडात २५ टक्के सूट मागितली. जमीनदार १० टक्क्यांवर अडून बसला. सप्टेंबर १८८० मध्ये बॉयकॉटने कुळांना जमिनीवरून हुसकावण्याच्या नोटिसा काढल्या.

त्याच महिन्यात आयरिश पुढारी पार्नेल यांनी एनिस गावच्या सभेत सांगितले होते, की हुसकावलेल्याची जमीन जो घेईल त्याला मारू नका, फक्त एकटा पाडा. मेयोच्या लोकांनी तोच उपाय बॉयकॉटवर केला. गडीमाणसे काम सोडून गेली. दुकानदार माल देईना, लोहार घोड्याला नाल ठोकीना, टपाल पोचेना. पीक शेतात उभे राहिले. शेवटी ते काढायला अल्स्टरहून ५० मजूर आले आणि त्यांच्या रक्षणाला हजाराच्या आसपास सैनिक व पोलीस! सुमारे ५०० पौंडांच्या पिकापायी १० हजार पौंड खर्च झाले. डिसेंबरात बॉयकॉटने आयर्लंड सोडले.

या प्रकाराला म्हणायचे काय? इंग्रजीतला जुना शब्द जड, शेतकऱ्यांच्या तोंडी बसणारा नव्हता. तेव्हा गावचे धर्मगुरू ओमॅली यांनी कारभाऱ्याचे आडनावच सुचवले, असे अमेरिकन पत्रकार रेडपाथ यांनी नोंदवले आहे. बघता बघता तो शब्द फ्रेंच, जर्मन, रशियन भाषांतही गेला.

मराठीला मात्र शब्द शोधावा लागला नाही. 'वाळीत टाकणे' आपल्याला पूर्वापार ठाऊक होते. १९०५ च्या वंगभंगानंतर परदेशी मालावरचा 'बहिष्कार' टिळकांच्या चतुःसूत्रीत आला. पण १९२७ मध्ये डॉ. आंबेडकरांनी आपल्या पाक्षिकाचे नाव 'बहिष्कृत भारत' ठेवले, तेव्हा याच शब्दाची दुसरी बाजू समोर आली. मेयोत कुळांनी सत्तेला एकटे पाडले. आपल्याकडे गावाने आणि जातपंचायतीने दुबळ्याचे पाणी तोडले. त्यासाठी महाराष्ट्राला २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला.

म्हणून बहिष्काराची हाक कानी आली, की एवढेच विचारावे: कोण कोणावर घालतो आहे? एकट्या पडणाऱ्याच्या हाती सत्ता असेल तर तो प्रतिकार. नसेल तर तो निव्वळ जुलूम.