चाक बाहेर सरकवण्याची गोष्ट: नाणेघाट ते स्पेसर

आहुप्याच्या रस्त्याला रेंज गेली आणि ज्यांचा एपिसोड अर्धाच राहिला, त्यांच्यासाठी हे लिखित रूप. बोललो तसंच ठेवलंय, फक्त माझे 'म्हणजे बघा' थोडे कमी केलेत.

सुरुवात घरातूनच करतो. माझ्या मामेभावाची जीप आहे, नारायणगावच्या बाजूला. टोमॅटोच्या एका चांगल्या सीझननंतर त्याने रुंद टायर टाकले आणि चारही चाकांना 25 मिलिमीटरचे स्पेसर बसवले. स्पेसर म्हणजे हब आणि चाक यांच्यामध्ये घालायची जाड चकती. चाक तेवढं बाहेर येतं. गाडी पाय फाकवून उभ्या राहिलेल्या पैलवानासारखी दिसायला लागली. खोटं कशाला बोलू, मलाही आवडली.

दोनेक महिन्यांनी माळशेज उतरताना मागून खटखट आवाज. गाडीत मामी आणि दोन पोरं. बाजूला घेऊन पान्याने नट तपासले, सगळे घट्ट. पुन्हा निघालो, आवाज तसाच. शेवटी जॅक लावून चाकच काढलं, तेव्हा खरी गंमत कळली. बोल्टवाल्या स्पेसरला नटांचे दोन संच असतात. एक स्पेसर हबला धरतो, दुसरा चाक स्पेसरला धरतो. बाहेरचे घट्ट होते. आतले, म्हणजे चाकामागे लपलेले, त्यातले दोन बोटाने फिरत होते. खाली दरी होती, एवढंच सांगतो.

त्या रात्री मी वाचायला बसलो, आणि चाकाचा इतिहास वाचता वाचता पार सातवाहनांपर्यंत पोचलो. तुम्हालाही नेतो.

आपल्या जुन्नरचं मोठं नाव झालं ते व्यापाराने, आणि तो व्यापार नाणेघाटातून चढायचा. लेण्यात नागनिका राणीचा ब्राह्मी लेख आहे, वर जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण आहे. पण घाटाची वाट कधी नीट बघितलीय? दगडात खोदलेली चढण आहे ती. तिथे गाडी चालत नाही. कोकणातला माल वर आला तो जनावरांच्या पाठीवर. म्हणजे ज्या वाटेने जुन्नर श्रीमंत झालं, त्या वाटेवर चाकच नव्हतं.

चाक देशावरच्या सपाटीचं. आणि तेही कसलं! पुणे जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटिअरमध्ये वर्णन आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथल्या गाड्यांची चाकं भरीव लाकडाची किंवा चक्क दगडाची, ओढायला बैलांच्या कितीतरी जोड्या लागायच्या, आणि एकेक गाडा अनेक घरांच्या मालकीचा असायचा. 1836 च्या सुमारास इंदापूरकडे जमीनमोजणी करणारे गोल्डस्मिड आणि विंगेट, आणि त्यांच्यासोबत गेसफर्ड नावाचा लष्करी अधिकारी, यांनी हलक्या चाकांची नवी गाडी तयार केली. सोलापूरकडे टेंभुर्णीला ती बनवायचा कारखाना काढला. हळूहळू एक घर, एक गाडी, एक जोडी असं गणित जमायला लागलं.

हे मला फार महत्त्वाचं वाटतं. आपल्या भागातलं हे वाहनाचं मोठं 'मॉडिफिकेशन', आणि ते दिसण्यासाठी नव्हतं. आरे, तुंबा, धाव, आस, सगळ्याचा एकत्र विचार झाला होता. पुढे रबरी टायर आले आणि गाडीचं नावच 'डनलॉप' पडलं. तेव्हाही नुसती धाव काढून रबर चढवलं नाही. आस बदलला, बेअरिंग आली, साटा बदलला. चाकाला हात लावला की मागचं सगळं बदलावं लागतं, हे आपल्या सुताराला बिनशिकवता माहीत होतं.

आता मोटारीकडे. कायद्याचा प्रवास बघा, मजेदार आहे. 1939 च्या मोटार वाहन कायद्यात सूर असा होता की बदल केलात तर नोंदणी अधिकाऱ्याला नंतर कळवा. 1988 च्या कायद्यात कलम 52 आलं आणि सूर बदलला: आधी विचारा, परवानगी घ्या, मग बदला. 2000 च्या दुरुस्तीने दार जवळजवळ लावूनच घेतलं. नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा पडेल, असा बदल मालकाने करायचाच नाही. सीएनजीसारख्या इंधनबदलाला आणि पुढे दिव्यांगांसाठीच्या गाड्यांना वाट ठेवली आहे.

मग 9 जानेवारी 2019. केरळमधून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. अरुण मिश्रा आणि न्या. विनीत सरन यांनी स्पष्ट केलं की उत्पादकाच्या मूळ तपशिलाला धक्का लावता येणार नाही, कारण त्या गाडीचा नमुना तसा तपासून मंजूर झालेला असतो. ही तपासणी करणारी एक मोठी संस्था, एआरएआय, आपल्याच पुण्यात वेताळ टेकडीवर आहे.

त्याच वर्षीच्या दुरुस्तीत कलम 182-अ आलं. परवानगी नसलेला बदल केला, बाहेरचा सुटा भाग बसवून केला तरी, मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही. चार स्पेसर म्हणजे एक बदल की चार, यावर आमच्या कट्ट्यावर एक अख्खी संध्याकाळ गेली.

आता तुम्ही म्हणाल, आरसीवर चाकांमधलं अंतर लिहिलेलंच नसतं, मग तपशील वेगळा पडला कुठे? मुद्दा चांगला आहे. कलमातच स्पष्टीकरण आहे की 'बदल' म्हणजे वाहनाच्या रचनेत केलेला, मूळ वैशिष्ट्य बदलणारा फरक. तीन मिलिमीटरची चकती त्यात बसते का, यावर वकील भांडू शकतो. पण 25 मिलिमीटरने दोन्ही बाजूंची चाकं बाहेर काढून 'रचना तीच आहे' म्हणायचं, हे मला तरी पटवता येणार नाही. 2017 च्या डिसेंबरमध्ये केंद्राच्या परिवहन मंत्रालयाने पुढच्या बुल बारवर कारवाई करा म्हणून राज्यांना कळवलं, तेही याच कलम 52 च्या आधारे. तेव्हाही लोक म्हणाले होते, आरसीवर बुल बार कुठे लिहिलाय?

आणि पोलीस राहू द्या बाजूला. अपघात झाला तर विमा कंपनीला न कळवलेला बदल म्हणजे आयतं कारण.

यंत्राचं गणित तर त्याहून सरळ आहे. चाक बाहेर गेलं की हबच्या बेअरिंगवर तरफ लांबते. खड्डा तोच, वजन तेच, पण बेअरिंगला आणि स्टडला ताण जास्त. पुढच्या चाकांना असेल तर स्टिअरिंग खड्ड्यात हात ओढायला लागतं. नुसती चकती सरकवायचा प्रकार असेल तर स्टड मूळचेच राहतात, म्हणून चकती जेवढी जाड तेवढे नटाचे आटे कमी धरतात. 12 मिलिमीटरच्या स्टडवर नटाने निदान 12 मिलिमीटर आटे धरावेत, हा मिस्त्री लोकांचा जुना ठोकताळा. आणि हबच्या मधल्या उंचवट्यावर स्पेसर नेमका बसत नसेल, तर चाक मध्यावर राहत नाही, थरथर सुरू होते, थरथरीने नट सुटतात.

स्पेसर म्हणजे सरसकट मरण, असंही मी म्हणणार नाही. पोर्शेने आपल्या काही 911 गाड्यांना कारखान्यातूनच स्पेसर दिले. जर्मनीत टीयूव्हीसारखी संस्था तपासून कागद देते आणि लोक बिनधास्त चालवतात. पण तो स्पेसर त्या गाडीसाठी बनलेला असतो, बोल्ट त्या मापाचे असतात. आपल्याकडे तशी तपासून कागद द्यायची सोयच नाही. भावाने घेतलेल्या स्पेसरच्या खोक्यावर ना धातूचं नाव होतं, ना वजनाची मर्यादा. 'सर्व एसयूव्हीसाठी' एवढंच छापलेलं.

त्या दिवशी घाटात स्पेसर काढायला जुने नट गाडीत नव्हते. आतले नट हाताने आवळले, वीसच्या वेगाने खाली उतरलो, दर पाच किलोमीटरला थांबून चाक काढून बघितलं. मामी सगळा वेळ एक शब्द बोलली नाही. दुसऱ्या दिवशी चारही स्पेसर निघाले. दोन स्टडचे आटे खाल्ले गेले होते, तेही बदलले. स्पेसर आता गोठ्यात आहेत, कडबा कुट्टीच्या मशिनखाली टेकण म्हणून. तिथे मात्र चांगले बसलेत.

तुमच्या गाडीला असतील तर कमेंटमध्ये जाडी सांगा, आणि आधी एकदा चाक काढून आतले नट बघून या.