लेझर की कूस?

परवा तापोळ्याच्या बाजूला एका घरी गेलो होतो. आबा पक्षाघातानं अंथरुणाला खिळलेले, माकडहाडावर मोठी जखम झालेली. मुंबईहून आलेल्या मुलाला कुणीतरी लेझरच्या दहा बैठकांचं पॅकेज सांगितलंय. मला म्हणाला, "दादा, तुम्ही पेपरवाले. हे खरं असतं का ओ? म्हैस काढावी म्हणतोय."

उत्तर द्यायला थोडा इतिहास सांगावा लागतो. आपल्याच डोंगरावरचा.

महाबळेश्वर वाढलं तेच मुळी आजाऱ्यांसाठी. १८२८ साली गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी इथं गोऱ्या आजाऱ्यांना हवापालटाचं ठाणं वसवलं. १९१२ ला पाचगणीत डॉ. बिलिमोरियांनी क्षयरोग्यांसाठी बेल-एअर काढलं. क्षयावर औषधच नव्हतं. मोकळी हवा, विश्रांती, सकस जेवण हाच इलाज. तिकडे युरोपात उजेडाचं पर्व चालू होतं. दिव्याच्या किरणांनी कातडीचा क्षय बरा करणाऱ्या डेन्मार्कच्या फिन्सेनना १९०३ चं नोबेल मिळालं. स्वित्झर्लंडच्या डोंगरात रोलिए रोग्यांना उन्हात झोपवत होते. पुढं स्ट्रेप्टोमायसिन आलं नि ऊन मागं पडलं.

१९६० च्या दशकात बुडापेस्टच्या डॉ. मेस्टर यांना उंदरांवर लेझरचे प्रयोग करताना दिसलं, की भादरलेल्या जागी केस लवकर उगवतायत. मग त्यांनी चिवट जखमांवर मंद लेझर वापरून पाहिला. हाच आजच्या पॅकेजचा पूर्वज.

लेझर थोतांड आहे असं मी म्हणत नाही. पण २०१४ साली कॉक्रेन संस्थेनं अंथरुणातल्या जखमांवरच्या प्रकाशोपचाराच्या चाचण्या तपासल्या. सात चाचण्या, सगळे मिळून ४०३ रुग्ण. निष्कर्ष असा, की फायदा होतो हे खात्रीनं सांगण्याएवढा पुरावा नाही.

मग खात्रीचं काय? १९४४ साली इंग्लंडमध्ये स्टोक मँडेव्हिलला डॉ. गुटमन यांच्याकडे मणक्याला मार लागलेले सैनिक यायचे. असे लोक तेव्हा जखमा चिघळूनच मरायचे. गुटमननी साधा नियम लावला : दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा. माणसं जगली. जगली म्हणून खेळली, त्या खेळांतूनच पॅरालिंपिक उभं राहिलं. १९७२ साली त्यात पोहण्याचं सुवर्णपदक जिंकलं ते आपल्या सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरच्या मुरलीकांत पेटकरांनी, ६५ च्या युद्धात मणक्यात गोळी घेतलेल्या जवानानं.

जखम होते ती दाबामुळं. हाडाखाली चेपलेल्या मांसाला रक्त मिळत नाही. दाब तसाच ठेवून वरून कितीही उजेड पाडा, काय होणार?

पण खरी अडचण पुढंच आहे. पोरं मुंबईला, घरात सत्तरीची आजी. दोन तासांनी कूस बदलायची कुणी? लेझरचं पॅकेज विकणारा घरापर्यंत येतो. कूस कशी बदलायची, जखम कशी धुवायची हे शिकवणारं माणूस येत नाही. ग्रामपंचायतीनं हवेच्या चार गाद्या घेऊन फिरत्या ठेवल्या, आरोग्य केंद्रानं घरच्यांना एक दिवस शिकवलं, तर किती आबा वाचतील? ग्रामसभेत हा विषय काढा.

मुलाला एवढंच म्हणालो, "आधी डॉक्टरला जखम दाखव, कुशीचं वेळापत्रक भिंतीवर लाव. आणि म्हैस ठेव. आबांच्या पोटात दूध गेलं तरच जखम भरायला बळ येईल."