केवळ संयमाचा उपदेश पुरतो का?

लैंगिक विषयात मुलांना 'संयम पाळा' एवढेच सांगावे, की शास्त्रीय माहितीही द्यावी? आपल्याकडे या वादाची सुरुवात मोठ्यांपासून झाली. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी 1921 साली मुंबईत संततिनियमन केंद्र काढले, 1927 पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवले. 1934 च्या खटल्यात डॉ. आंबेडकर त्यांचे वकील होते. तरीही कर्व्यांना दंड झाला. 1935 साली मार्गारेट सँगर वर्ध्याला गांधीजींना भेटल्या. गांधीजींनी साधनांऐवजी आत्मसंयमाचाच आग्रह धरला.

ही सारी मते झाली. शाळकरी मुलांपुरती त्यांची पडताळणी अमेरिकेत झाली. 2000 हून अधिक मुलांचे, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे, दोन गट केले. एकाला केवळ संयमाचे शिक्षण दिले, दुसऱ्याला दिले नाही. काही वर्षांनी पाहिले, तर दोन्ही गटांत सुमारे निम्मीच मुले संबंधांपासून दूर राहिली होती. पहिल्या संबंधाचे सरासरी वयही सारखेच. उपदेशाने काही बिघडले नाही, पण घडलेही नाही. हा अहवाल 2007 चा. त्याच वर्षी महाराष्ट्राने शाळांतील लैंगिक शिक्षणाचा कार्यक्रम थांबवला!

आटगाव काय, मुंबई काय, मुले वयात येतातच. संयमाचे मोल आपण जरूर सांगू. पण पाळी, गर्भधारणा, रोग आणि 'नाही' म्हणण्याचा हक्क, हे धडे 'घरी वाचा' म्हणून सोडले, तर मुले ते कोणाकडून शिकतील?