मौनाचा अर्थ

वरिष्ठ सत्ता एखाद्या कायद्याविषयीं मौन राहिली, तर तो लागू समजावा कीं नाहीं? शहापूर व मुरबाड तालुक्यांत या प्रश्नाचें उत्तर काळानुसार बदललें आहे.

१९३५ च्या हिंदुस्थान सरकारच्या कायद्याखालीं, १९३६ सालीं, डहाणू व शहापूर हे तालुके आणि मोखाडा व उंबरगांव हे पेटे 'अंशतः वगळलेला प्रदेश' ठरले. मध्यवर्ती वा प्रांतिक विधिमंडळाचा कायदा गव्हर्नरांनीं जाहीरनामा काढल्यावांचून तेथें लागू होत नसे. गव्हर्नर मौन राहिले, कीं कायदा वेशीवरच थांबे.

१९५० सालीं राज्यघटनेच्या पांचव्या परिशिष्टानें हा क्रम उलटविला. कायदा आपोआप लागू होऊं लागला. राज्यपालांनीं जाहीरनाम्यानें वगळला वा बदलला, तरच तो थांबे. लेखणी एकाच पदाच्या हातीं राहिली. मौनाचा अर्थ मात्र पालटला.

१९८५ च्या आदेशांत सबंध शहापूर आणि मुरबाडचीं कांहींच गांवें अनुसूचित क्षेत्र म्हणून आलीं. एकाच तालुक्यांत दोन व्यवस्था झाल्या. १९९६ च्या पेसा कायद्यानें तिसरा थर चढविला: त्याशीं विसंगत पंचायत-कायद्यांना एक वर्षाची मुदत मिळाली आणि ग्रामसभेला स्थान मिळालें.

संगणकाच्या कारभारांतही असेच थर असतात. वरचा थर कोरा असेल, तेथें मूळ नियम चालतो. म्हणून ठाकूर-कातकऱ्यांच्या पाड्यावर अपवाद किती लिहिले याइतकेंच, कोणी कांहींच न लिहिलें तर काय घडतें, हेंही पाहिलें पाहिजे.